परातीतील समुद्र
(इयत्ता ५ वी ते ७ वी : परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान व गणित यांचा एकत्रित पाठ)

पाणी हा विषय आपण वर्गात बहुधा तुकड्यातुकड्यांनी शिकवितो. भरती-ओहोटी भूगोलात येते, पावसाचे मोजमाप गणितात आणि खते शेतीच्या पाठात. पाणी मात्र असे विषयवार वाहत नाही. माळावर पडलेला थेंब शेतातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीवाटे खाडीत जातो. वाटेत जे भेटेल ते तो बरोबर नेतो. हा सर्व प्रवास एका परातीत दाखविता येतो. तो कसा दाखवावा, आणि दाखविताना कोणती चूक टाळावी, हे शिक्षक बंधु-भगिनींपुढे मांडण्याचा येथे हेतू आहे.

चुकीचा उल्लेख प्रथम करतो, कारण ती प्रस्तुत लेखकाचीच आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळाभेटीत मी परातीत चिकणमातीचा उतार केला, त्यात पपईचा पोकळ देठ गटार म्हणून पुरला आणि भोके पाडलेल्या डब्याने वरून पाऊस पाडला. सर्व पाणी देठातून सुरळीत निघून गेले. “गटार नीट बांधले की पाणी तुंबत नाही,” असे मी समाधानाने सांगितले. तेवढ्यात सहावीतील एक मुलगी म्हणाली, “सर, पण ह्यात समुद्र कुठं आहे? माझ्या मामाकडं मुंबईला भरती आली की गटारातनं पाणी उलटं येतं.”

मला उत्तर सुचले नाही. लाज अधिक वाटली ती याची की, माझे स्वतःचे बालपण रे रोडच्या एका चाळीत गेले होते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील हा भाग. एका बाजूस दारूखाना आणि गोदीचे बंदर, उत्तरेस शिवडीची चिखलाची खाडी, मध्ये १९१० साली सुरू झालेले रेल्वे स्थानक. पावसाळ्यात पाणी शिरू लागले की घरातील वडीलधारी माणसे आभाळाकडे नंतर पाहात, आधी “भरती केव्हा आहे?” असे विचारीत. जे मला घरात कळले होते, तेच मी नमुन्यातून वगळले होते.

अशीच गोष्ट मोठ्या प्रमाणावरही घडते. मुंबईतील जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी असे धरून आखलेली होती. शिवाय पडलेल्या पाण्यापैकी निम्मेच गटारात येईल, निम्मे जमिनीत मुरेल, असे मानलेले होते. पुढे जमीन सिमेंटने झाकली गेली आणि मुरणे कमी झाले. भरती तर रोज दोनदा येतच होती. दिनांक २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती. शेकडो माणसे प्राणास मुकली. इतका पाऊस कोणत्याही गटारास पेलणारा नव्हता हे खरे. तथापि ‘ओहोटी असेल’ हे गृहीत किती महाग पडू शकते, हे त्या दिवशी दिसले.

यावर उपाय १९९३ च्या एका अहवालात सुचविलेला होताच. २००५ नंतर त्या कामास वेग आला. रे रोड येथील ब्रिटानिया पर्जन्यजल उदंचन केंद्र हे त्यांपैकी एक होय. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद राहतात आणि आत साचलेले पावसाचे पाणी पंपांनी उचलून समुद्रात टाकले जाते. एक पंप सेकंदाला सुमारे ६,००० लिटर पाणी उचलतो.

पाण्याचे नमुने करणे हा पोरखेळ नव्हे, हेही मुलांस सांगावे. इंग्लंडात ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ च्या सुमारास मर्सी नदीच्या मुखाचा नमुना केला. त्यातील एक भरती-ओहोटी सुमारे ४० सेकंदांत पुरी होई. आपल्याकडे पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणे, नद्या व बंदरे यांचे नमुने करून लाटा व प्रवाह अभ्यासले जातात. आज त्यास संगणकावरील गणिताचीही जोड आहे. यात एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे. नमुना सर्व बाजूंनी १०० पट लहान केला, तर त्यातील काळ १०० चे वर्गमूळ, म्हणजे १० पट, लहान होतो. १२ तास २५ मिनिटांची भरती-ओहोटी तेथे सुमारे सव्वा तासात घडवावी लागते.

आता प्रत्यक्ष पाठ.

साहित्य : मोठी परात, चिकणमाती, पपईचा देठ, तळास भोके पाडलेला डबा, तांब्या, लहान वाटी, हळद, शाई, कापडाची पट्टी.

कृती पहिली (ओहोटी) : मातीचा उतार करून त्यात वस्तीसाठी एक खोलगट जागा ठेवावी. तेथून देठ खालच्या टोकापर्यंत पुरावा. परातीच्या खालच्या टोकास थोडे पाणी ठेवावे, हा समुद्र. वरून पाऊस पाडावा. पाणी निघून जाईल.

कृती दुसरी (भरती) : देठाचे तोंड बुडून समुद्राची पातळी वस्तीहून किंचित वर येईपर्यंत तांब्याने पाणी वाढवावे. पाऊस नसतानाही वस्तीत पाणी उलटे येईल. हे मुलांनी स्वतः पाहावे. शिक्षकाने आधी सांगू नये.

कृती तिसरी (दरवाजा व पंप) : वस्तीतील पाणी काढून देठाचे तोंड मातीच्या गोळ्याने बंद करावे आणि पाऊस पाडावा. समुद्र बाहेर राहील, पण पावसाचे पाणी आत साचेल. ते एका मुलाने वाटीने उचलून समुद्रात टाकावे. पाऊस वाटीपेक्षा जलद पडला तर काय होते, हेही पाहावे.

गणित : एक हेक्टर जागेवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला व सर्व पाणी वाहून आले, तर तासाला ५,००,००० लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ लिटर पाणी येईल. वरील एक पंप किती हेक्टरांस पुरेल? (उत्तर : सुमारे ४३.)

कृती चौथी (शेत) : आपल्या मुलांच्या दृष्टीने ही सर्वांत जवळची. नवीन उतार करून वरच्या भागास शेत मानावे. त्यावर चिमूटभर हळद व दोन थेंब शाई टाकावी आणि खाली कापडाची पट्टी आडवी पुरावी. हा बांधावरील गवताचा पट्टा. पाऊस पाडला की न विरघळणारी हळद बहुतांशी पट्टीशी अडते. शाई मात्र पार निघून जाते. स्फुरद बरेचसे मातीच्या कणांना चिकटून वाहते, म्हणून बांध व गवत त्यास अडवितात. युरियापासून होणारे नायट्रेट पाण्यात विरघळून जाते आणि विहिरीपर्यंत पोहोचते. त्यास उपाय एकच : खत गरजेपुरते, हप्त्याहप्त्याने द्यावे आणि मोठ्या पावसाच्या तोंडावर देऊ नये. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. त्याहून अधिक असल्यास तान्ह्या मुलांस विशेष धोका असतो. हीच खते तळ्यात उतरली की जलपर्णी माजते.

शेवटी, प्रत्येक कृतीनंतर मुलांस एक प्रश्न अवश्य विचारावा : “या परातीत काय राहून गेले?” कोणी म्हणेल गटारातील कचरा, कोणी म्हणेल झाडे, कोणी म्हणेल माणसे. प्रत्येक उत्तर फळ्यावर लिहावे. एकही चूक म्हणून पुसू नये. जो नमुना स्वतःतील उणीव सांगत नाही, तो फसवितो. मग तो मातीचा असो वा संगणकातील. त्या मुलीने मला हे शिकविले. तेव्हापासून मी परात मांडतो तेव्हा प्रथम समुद्र भरतो आणि मग पाऊस पाडतो.