सभासदांचे व्हिडिओ : माल वखारीत, पावती घरी

अनेक शेतकरी गटांनी व उत्पादक कंपन्यांनी स्वतःची संकेतस्थळे सुरू केली आहेत. बाजारभाव, बियाण्यांची मागणी, सभेची सूचना एवढ्यापुरता त्यांचा उपयोग असेल, तर वार्षिक भाड्याने मिळणारे स्वस्त होस्टिंग पुरेसे होते. सभासद मोबाईलवर काढलेले व्हिडिओ पाठवू लागले की मात्र अडचण सुरू होते. हे व्हिडिओ कोठे व कसे साठवावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

मराठवाड्यातील एका मका उत्पादक गटाचा अनुभव येथे सांगणे योग्य होईल. अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकात झाली व त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आढळली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. जवळून काढलेल्या चांगल्या व्हिडिओत या खुणा स्पष्ट दिसतात. म्हणून गटाने माझ्याच सांगण्यावरून संकेतस्थळावर पोंग्याचा व्हिडिओ पाठविण्याची सोय केली. पहिले काही दिवस ठीक गेले. नंतर मोठे व्हिडिओ अर्ध्यावर तुटू लागले, आणि पीक ऐन पोंग्यात असताना एका सकाळी संकेतस्थळच बंद पडले. जागेचा वापर अटींबाहेर झाल्याचे कळवून होस्टिंग कंपनीने खाते स्थगित केले होते. ते पुन्हा सुरू होण्यास चार दिवस लागले. या किडीच्या अंड्यांतून अळ्या साधारणपणे दोन-तीन दिवसांत बाहेर पडतात व मोठ्या झाल्या की पोंग्यात खोल शिरतात. मग फवारणी त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. ज्यांचे व्हिडिओ अडकले होते त्यांच्या शेतात नेमके हेच घडले. यात सभासदांची काही चूक नव्हती. सोय सुचविताना होस्टिंगच्या अटी मी वाचल्या नव्हत्या.

होस्टिंग कोठे अडते?

स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे असतात. चाळीतल्या एका नळासारखा हा प्रकार आहे. एकाने मोटार लावली की बाकीच्यांचे पाणी जाते. त्यामुळे कंपनी मर्यादा घालते. पुष्कळ संकेतस्थळे पीएचपी या प्रणालीवर चालतात. तिच्या मूळ मांडणीत एका फाईलची मर्यादा २ एमबी आणि एका वेळी पाठविलेल्या एकूण माहितीची मर्यादा ८ एमबी असते. काही कंपन्या ही मर्यादा वाढवू देतात, काही देत नाहीत. जाहिरातीत 'अमर्याद जागा' असे लिहिलेले असले तरी अटींमध्ये बहुधा ही जागा संकेतस्थळाच्या स्वतःच्या फाईलींसाठीच आहे, व्हिडिओंच्या कोठारासाठी नाही, असे कलम असते. फाईलींच्या संख्येवरही मर्यादा असते.

फाईलचे तुकडे करून पाठविण्याची युक्ती काही तंत्रज्ञ सुचवितात. तिने एका फाईलची मर्यादा चुकविता येते, पण जागा तितकीच लागते आणि अटींचा भंग तसाच राहतो. ही युक्ती मी सुचविणार नाही.

आता हिशेब पाहू. मोबाईलने सेकंदाला १७ मेगाबिट वेगाने चित्रीकरण केले, तर एका मिनिटाचा व्हिडिओ सुमारे १२७ एमबी होतो. साठ सभासदांनी आठवड्याला असा एकेक व्हिडिओ पाठविला तर साडेसात जीबीहून अधिक जागा लागते. तोच व्हिडिओ ७२० च्या मापात सेकंदाला २ मेगाबिट इतका आटोपशीर केला, तर तो १५ एमबीचा होतो आणि साठ जणांचे मिळून ९०० एमबी होतात. पाठविण्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट असेल तर पहिल्याला साडेआठ मिनिटे लागतात, दुसऱ्याला एक मिनिट. बांधावर उभ्या असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. म्हणून साठवणीचा विचार करण्याअगोदर व्हिडिओ मोबाईलवरच लहान करून घ्यावा. स्वस्त होस्टिंगवर व्हिडिओ लहान करण्याचे काम सहसा करू देत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविले तर काय बिघडले, असे बरेच जण विचारतात. नेहमीच्या पद्धतीने पाठविलेला व्हिडिओ तेथे आकसतो व डोक्यावरची खूण पुसट होते. शिवाय मागील हंगामातील एखाद्या गटातील व्हिडिओ पुढच्या वर्षी शोधून काढणे जवळजवळ अशक्य असते.

साठवण बाहेर

कांदा किंवा सोयाबीन आपण राहत्या घरात साठवीत नाही. सोयाबीन वखारीत ठेवतो आणि पावती घरी आणतो. व्हिडिओचेही तसेच करावे. फाईल बाहेरच्या साठवण सेवेत ठेवावी व संकेतस्थळाच्या नोंदवहीत फक्त तिचे नाव, सभासद क्रमांक, गाव, पीक, तारीख आणि आकार ठेवावा. ही नोंद काही अक्षरांची असते. तिने जागा अडत नाही.

अशा सेवेस ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात. अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही सेवा २००६ साली सुरू झाली व मुंबईतील तिचे केंद्र २०१६ मध्ये उघडले. बॅकब्लेझची बी-टू व क्लाउडफ्लेअरची आर-टू याच प्रकारच्या आहेत. दर पाहताना साठवणीचे भाडे आणि व्हिडिओ पाहताना बाहेर जाणाऱ्या माहितीचे शुल्क असे दोन्ही पाहावे. भाडे कमी दिसते आणि बिल वाहतुकीचे येते, ही नेहमीची तक्रार आहे. आर-टू सेवेत बाहेर जाणाऱ्या माहितीचे वेगळे शुल्क नाही.

मुख्य मुद्दा असा की, व्हिडिओ आपल्या होस्टिंगमधून जाता कामा नये. मालाची गाडी आपल्या अंगणातून वखारीत नेली तर अंगण अडणारच. याकरिता तात्पुरत्या सही केलेल्या लिंकची पद्धत आहे. सभासदाने 'पाठवा' म्हटले की आपले संकेतस्थळ साठवण सेवेच्या गुप्त किल्लीने एक लिंक तयार करते. बाजार समितीच्या गेट पाससारखी ती ठरावीक फाईलसाठी व ठरावीक वेळेपुरतीच चालते. सभासदाचा मोबाईल त्या लिंकवर थेट वखारीत फाईल टाकतो. पंधरा मिनिटांची मुदत लहान व्हिडिओस पुरेशी होते. एस-थ्रीमध्ये अशा एका खेपेत ५ जीबीपर्यंतची फाईल जाते, म्हणजे होस्टिंगच्या २ एमबीचा प्रश्नच उरत नाही.

गुप्त किल्ली सर्व्हरवरच ठेवावी. संकेतस्थळाच्या पानात ती कधीही लिहू नये. ती फुटली तर बिल दुसऱ्याचे आणि पैसे गटाचे. साठवण सेवेच्या मांडणीत आपल्या संकेतस्थळाचा पत्ता परवानगीच्या यादीत घालावा, नाहीतर ब्राउझर फाईल पाठवू देत नाही. येथे नवखे तंत्रज्ञ हमखास अडकतात. तसेच तुकड्यांनी पाठविलेली फाईल मध्येच तुटली, तर आलेले तुकडे वखारीत पडून राहतात व त्यांचे भाडे चालूच राहते. असे अपुरे तुकडे काही दिवसांनी आपोआप काढून टाकण्याचा नियम सुरुवातीलाच लावावा.

यूट्यूब केव्हा?

गट लहान असेल व तंत्रज्ञ नसेल, तर सभासदाने व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून लिंक संकेतस्थळावर द्यावी. खर्च नाही, आणि मंद जोडणीवर व्हिडिओ पाहण्याची व्यवस्था यूट्यूबच करते. खात्याची दूरध्वनीने पडताळणी होईपर्यंत १५ मिनिटांची मर्यादा असते. कीड ओळखण्यास ती भरपूर आहे. मात्र येथे वखारमालक नियम बदलू शकतो. १ जानेवारी २०१७ पूर्वीचे अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने २३ जुलै २०२१ पासून खाजगी केले, व ज्यांनी वेळेत हरकत कळविली नाही त्यांच्या जुन्या लिंक एकाएकी उघडेनाशा झाल्या. म्हणून गटाने स्वतः तयार केलेले प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ यूट्यूबवर व सभासदांचे शेतातील व्हिडिओ ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, अशी विभागणी मला योग्य वाटते.

दोन्ही पद्धतींत एक प्रत गटाच्या कार्यालयातील हार्ड डिस्कवर ठेवावी. हंगाम संपल्यावर निदान झालेले, चांगले व्हिडिओ वेगळे करून बाकीचे काढून टाकावेत. ही सर्व मांडणी मे महिन्यातच करून घ्यावी व चाचणी कार्यालयातील संगणकावरून घेऊ नये. ज्या सभासदाच्या शिवारात मोबाईलला सर्वांत कमी रेंज मिळते, त्याच्या जुन्या फोनवरून त्याच्याच बांधावर उभे राहून एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवून पाहावा.