पाल : ओळख आणि गैरसमज

पाल चुकचुकली की ‘कृष्ण कृष्ण’ म्हणावे, अंगावर पडली की पंचांगात पल्लीपतनाचे फळ पाहावे, आणि अन्नात पडली की विष झाले म्हणावे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातील माळवदाच्या घरांत पालीची ओळख बहुधा एवढीच असते. म्हणून तिची शास्त्रीय माहिती येथे थोडक्यात देत आहे.

पाल हा सरीसृप वर्गातील प्राणी होय. साप, सरडे यांच्याप्रमाणे तिच्याही अंगावर खवले असतात. तिचे कुल गेकोनिडी आणि प्रजाती हेमिडॅक्टिलस. या ग्रीक नावाचा अर्थ ‘अर्धे बोट’. कारण बोटाच्या बुडाकडील रुंद भागाखालीच आडव्या पट्ट्यांची गादी असते. भिंतीवरची पिवळसर पोटाची मोठी पाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिस. हे नाव जर्मन निसर्गशास्त्रज्ञ र्‍युपेल यांनी १८३५ साली दिले.

पालीच्या पायाला चीक नसतो. गादीवरील असंख्य सूक्ष्म केस आणि भिंत यांच्यातील रेणूंच्या आकर्षणाने ती छतालाही धरून राहते. तिला पापण्या नसतात. डोळ्यावरचे पारदर्शक आवरण ती जिभेने चाटून साफ करते. शत्रूने धरल्यास शेपूट तोडून ती पळते. नवी शेपूट येते, पण तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते. मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते.

आता विषाचा प्रश्न. पालीला विषग्रंथी नाहीत, विषाचे दातही नाहीत. मात्र तिच्या विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू अन्नात जातात व उलट्या-जुलाब होऊ शकतात. तेव्हा असे अन्न टाकावे हे योग्यच. पण उपाय भांड्यावर झाकण ठेवणे हा आहे, दिव्याखालचे किडे खाणाऱ्या पालीला केरसुणीने मारणे हा नव्हे. मी आजीला हेच सांगतो. तिला अजून पटलेले नाही. भांडी मात्र ती आता झाकून ठेवते.

सर्वच पाली घरात राहत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या पालीची नवी जात म्हणून नोंद १९६३ साली झाली. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील पालीची २००८ साली. दोन्ही जमिनीवर, दगडांखाली राहतात. दगड हलला की त्यांचे घर गेले. म्हणून मित्रहो, आपल्या माळावरचा दगड पाहण्यासाठी उचललात, तर तो पुन्हा होता तसाच ठेवा.