बँकॉकला निघालेल्या लेकरांना

लेकरांनो, तिकिटं काढायच्या आधी थोडं बसा आणि ऐका. तुमची आजी जिंतुरातल्या बायकांना घेऊन काशी-रामेश्वरला निघायची, तेव्हा तिचा एकच नियम असायचा: एका दिवसाला एकच कड. गावाची एक बाजू धरायची, ती पुरी करायची, पलीकडची बाजू उद्या. तुमच्या काकांबरोबर मी बँकॉकला गेले तेव्हा हाच नियम कामी आला. ते शहर अफाट आहे आणि रस्त्यावरची कोंडी त्याहून अफाट. यादी हातात घेऊन या टोकाहून त्या टोकाला पळाल तर निम्मी सहल गाडीच्या काचेतून होईल.

आधी महिना ठरवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडे पावसाचा जोर असतो आणि एप्रिलमध्ये आपल्या परभणीसारखं ऊन, वर दमट घाम. सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी उरकली, की नोव्हेंबरच्या अखेरीला निघा. तिथून फेब्रुवारीपर्यंत हवा बरी असते. पाच दिवस धरा आणि त्यात शनिवार किंवा रविवार येईल असं बघा. कारण पुढे सांगते.

जिंतूरहून परभणी, आणि परभणीहून दोन्ही वाटा मोकळ्या आहेत: मुंबई किंवा हैदराबाद. दोन्हीकडून बँकॉकला थेट विमान आहे. मुंबईहून साधारण साडेचार तास लागतात. रेल्वे आणि विमान यांच्यात निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा; गाडीला उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. तारखेची एक गोष्ट नीट समजून घ्या. दहा तारखेच्या रात्री साडेबाराचं विमान म्हणजे नऊ तारखेच्या संध्याकाळी विमानतळावर पोचायचं. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं.

पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढताना थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. 1 मे 2025 पासून आगमनाचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो. तो पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते खरं नाही, बंद करा.

हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोआधी नकाशा बघा. उंचावरून धावणारी बीटीएस रेल्वे किंवा काही भाग जमिनीखालून जाणारी एमआरटी रेल्वे, यांपैकी एकीचं स्टेशन चालत पोचण्याइतकं जवळ हवं. सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात जाणारी रेल्वे फाया थाई स्टेशनापर्यंत येते, तिथे बीटीएस मिळते. पहिल्या दिवशी एवढंच करा: पोचा, आंघोळ करा, झोपा.

दुसरा दिवस नदीचा. चाओ फ्राया नदीकाठी 1782 साली पहिल्या राम राजाने राजधानी वसवली, तिथला राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो. त्याच वेळी दारात उभे राहा. आत सावली कमी आहे आणि अकरानंतर गर्दी अंगावर येते. तिकीट 500 थाई बात. पाचूच्या बुद्धाचं मंदिर याच आवारात आहे. दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. भोवतीच्या ओवरीत भिंतभर रामायण रंगवलंय, 178 चित्रं. त्यांचं रामायण म्हणजे रामाकिएन. त्यात पांढराशुभ्र हनुमान सुवर्णमत्स्या नावाच्या जलकन्येच्या प्रेमात पडतो. आपल्या ब्रह्मचारी मारुतीची सवय असलेल्या डोळ्यांना हे नवं वाटेल, पण मान ठेवून बघा; राम त्यांनीही आपलासा केलाय. तिथून चालत वाट पो; ‘वाट’ म्हणजे मंदिर. निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. मग था तियेनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे वाट अरुण. त्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. आईचे गुडघे दुखत असतील तर तिला खालीच बसवा, खालूनही मन भरतं.

तिसरा दिवस अयुथयाचा. अयोध्येवरून नाव घेतलेली ही जुनी राजधानी 1351 साली वसली आणि 1767 साली ब्रह्मदेशाच्या फौजेने उद्ध्वस्त केली. रेल्वेने दीडेक तास लागतो. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक वाट महाथातमध्ये आहे. त्याच्यापेक्षा उंच उभं राहून फोटो काढायचा नसतो, खाली बसायचं.

चौथा दिवस चायनाटाउनचा. वाट त्राइमितमधला सोन्याचा बुद्ध साडेपाच टनांचा आहे. शतकानुशतकं तो चुन्याच्या लेपाखाली दडला होता. 1955 साली हलवताना लेप फुटला तेव्हा सोनं दिसलं. तिथून जवळच फाहुरात, म्हणजे आपल्या लोकांची कापडपेठ. डाळ-भात तिथे मिळतो. पाचवा दिवस शनिवार-रविवारचा ठेवा, कारण चतुचकचा मोठा बाजार तेव्हाच भरतो. खरेदी त्याच दिवशी करा, म्हणजे चार दिवस पिशव्यांचं ओझं नाही.

जेवणाचं नीट ऐका. तिकडे शाकाहारी म्हटलं तरी माशाचं पाणी आणि कोळंबीची पेस्ट भाजीत पडते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ असं चिन्ह दिसलं तर आत जा. त्या स्वयंपाकात मांस, मासे, अंडं नसतंच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. नेमगिरीच्या वाटेवरच्या आपल्या जैन शेजाऱ्यांनाही हे सांगा, फक्त कंदमुळं वेगळी विचारायला लावा. दशम्या, धपाटे पहिल्या दिवसापुरते न्या. शेंगदाण्याची चटणी पाचही दिवस पुरते. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नाही. नळाचं पाणी पिऊ नका.

मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाह्यांचा पंजाबी ड्रेस सगळ्यात सोयीचा. बुद्धाकडे पाय करून बसू नका, पोरींनी भिक्षूंना स्पर्श करू नये, कुणाच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवू नका. तिथल्या राजाबद्दल थट्टेनेही बोलायचं नाही. कायदा कडक आहे.

राजवाड्याबाहेर कुणी गोड बोलून म्हणेल, आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो. रिक्षा थेट रत्नांच्या दुकानात जाते. मान हलवा, दारापर्यंत चालत जा, स्वतः बघा. टॅक्सी मीटरनेच घ्या. फोनवरून पैसे देण्याच्या आपल्या सवयीवर तिथे विसंबू नका. थोडी रोकड आणि कार्ड, दोन्ही दोघांकडे वाटून ठेवा.

आणि प्रत्येक दिवशी दुपारनंतर दोन तास रिकामे सोडा. त्यात काही भरू नका. आजी म्हणायची, यात्रेत माणूस थकला की देवावर चिडतो. बँकॉकमध्ये बघायचं राहून जाणारच. पाच दिवसांत सगळं होत नाही, करूही नका. जी कड धराल ती शांतपणे, एकमेकांशी बोलत पुरी करा.