पहाटे धावतो, मग दिवसभर गळून का जातो?

पोलीस भरती निघणार अशी कुणकुण लागली की आपल्या जिल्ह्यातले पहाटेचे रस्ते जागे होतात. चिखली असो, मेहकर असो की मोताळा, वस्तीतली पोरं-पोरी साडेचार-पाचलाच बाहेर पडतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या मोठ्या धावेचे. एवढ्या गुणांवर घरातली पहिली सरकारी नोकरी ठरत असते, म्हणून ही मुले जीव तोडून पळतात. मग दहा वाजता अभ्यासिकेत पुस्तक उघडले की डोळे मिटतात, दुपारी पाय ओढत चालावे लागते. घरचे म्हणतात, आळस भरला. साखर निघाली म्हणून पहाटे फिरायला लागलेल्या पन्नाशीच्या बंधू-भगिनींचीही हीच तक्रार असते. व्यायामाने तरतरी यायला हवी होती, इथे उलटेच झाले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नवा व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे थकवा जाणवणे स्वाभाविक आहे. शरीर सवय करून घेत असते. त्यापुढेही रोज गळून जायला होत असेल, तर कारण शोधावे लागते, आणि बहुतेक वेळा ते आदल्या रात्रीत सापडते.

हिशेब करून पाहा. अभ्यासिका अकराला बंद होते, मोबाईल बाराला हातातून सुटतो, गजर साडेचारचा. झोप झाली साडेचार तास. तरुण शरीराला सात-आठ तास लागतात, कारण व्यायामाने ताणलेल्या स्नायूंची दुरुस्ती मुख्यतः झोपेतच होते. पहाटेचा व्यायाम हवा असेल तर रात्रीचे दहा पाळावे लागतील. ते जमत नसेल तर संध्याकाळी धावा, मैदान तेच आहे. दुपारी वीस मिनिटे डोळा लागला तर बिघडत नाही. दोन तास झोपलात, तर रात्रीची झोप पुन्हा पुढे सरकते.

दुसरे कारण पोट. रात्री आठला जेवण, पहाटे पाचला धाव, सातला चहा-टोस्ट आणि अकराला जेवण. म्हणजे पंधरा तास पोटात धड काही नाही. यकृतातला साखरेचा साठा रात्रभरात बराच उतरलेला असतो, त्यावर धावल्यावर शरीर दिवसभर उधारीवर चालते. धावण्यापूर्वी एक केळे किंवा मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा पुरे. धावून आल्यावर तासाभरात मात्र नीट खा. महागडे प्रोटीन पावडरचे डबे आम्हाला तरी अनावश्यक वाटतात. ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ, वर लिंबू, परवडत असेल तर दोन अंडी, शेंगदाण्याची चटणी, एवढ्यात काम होते. चहा जेवणाला लागून घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासाभराचे अंतर ठेवा. लिंबू-आवळ्याने उलट लोह शोषायला मदत होते.

पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी पहाटे जोराची धाव टाळून साधे चालावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तर अष्टशील घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

पाण्याचे थोडक्यात सांगतो. खामगाव-मलकापूरकडच्या उन्हाळ्यात पहाटेही घाम भरपूर जातो. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडले असे समजा.

व्यायाम किती करावा, याबद्दल भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला केलेला उपदेश अनेकांनी विहारात ऐकला असेल. सोण श्रीमंत घरातला, नाजूक पायांचा. साधनेच्या हट्टाने तो इतका चालला की पाय रक्तबंबाळ झाले, आणि मन खचून घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते का? हे सांगणे साधनेच्या उद्योगाबद्दल होते, पण धावणाऱ्यालाही ते लागू पडते. रोज पूर्ण ताकदीने १६०० मीटर मारणारा मुलगा दोन महिन्यांत हळू होतो, जलद नाही. आठवड्यात दोन-तीन दिवस जोर, मधल्या दिवशी हलके धावणे, एक दिवस पूर्ण विश्रांती. सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. पंधरा सेकंदांचे ठोके घेऊन चारने गुणा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरले तर तो दिवस हलका ठेवा. आणि जी माउली दिवसभर निंदण करते, कापूस वेचते, सोयाबीन सोंगते, तिला पहाटे उठून चार किलोमीटर चाल असे सांगणाऱ्यांनी तिचा दिवस एकदा पाहावा. तिला विश्रांती हवी आहे.

हे सगळे सांभाळूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडत नसेल, तर रक्त तपासा. बायकांमध्ये तर हे आधीच करावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ आणि पुरुषाचे १३ ग्रॅमच्या खाली नसावे. मुलीचे ९ असेल, तर ८०० मीटरला तिला दम लागतो यात तिच्या जिद्दीचा दोष नाही, रक्त पुरेसा प्राणवायू वाहून नेत नाही इतकेच. थायरॉईड, मधुमेह, क्षयरोग, ब-१२ ची कमतरता हीही कारणे असू शकतात. वजन घटणे, संध्याकाळचा ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला सोबत असेल तर थांबू नका.

आता ज्या विषयावर आपल्याकडे हळू आवाजात बोलले जाते, तो विषय. सिकलसेल. नागपूर भागात हा विकार असल्याचे शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच नोंदवले. विदर्भात तो आपल्या समाजात, आदिवासींमध्ये आणि इतरही अनेक जातींमध्ये आढळतो. पूर्व विदर्भात प्रमाण अधिक आहे, पण आपल्या सोयरिकी अकोला-अमरावतीपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत आहेत. हा कुठल्या जातीचा डाग नाही. ज्या प्रदेशांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे या जनुकाच्या वाहकांना मलेरियापासून थोडे संरक्षण मिळाले, म्हणून ते जनुक टिकले. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तसेच घडले.

वाहक आणि रुग्ण यांतला फरक नीट समजून घ्या. आई किंवा वडील अशा एकाकडूनच हे जनुक आले तर माणूस वाहक असतो. वाहक आजारी नसतो, व्यायाम करू शकतो, आणि रोजच्या थकव्याचे खापर वाहकपणावर फोडता येत नाही. मात्र कडक उन्हात, पाणी न पिता, सराव नसताना एकदम जीव खाऊन धावणे वाहकाला धोक्याचे ठरू शकते. मांड्या-पोटऱ्यांत अचानक दुखू लागले किंवा पायातले बळ गेले, तर त्याने तिथेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. दोघांकडून जनुक आले तर तो रुग्ण. त्याला सांधेदुखी, कावीळ, वारंवार आजारपण आणि खरा रक्तक्षय असतो. त्याचा व्यायाम डॉक्टर ठरवतील. लोहाच्या गोळ्याही त्याने आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण त्याचा रक्तक्षय लोहाअभावीच असेल असे नाही.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पत्रिका आपण सोडल्या, चांगले केले. रक्ताचा कागद मात्र दोन्ही घरांनी पाहावा. सोयरीक मोडेल या भीतीने तो लपवला जातो आणि सोसावे लागते लेकराला. एक वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर मूल रुग्ण होत नाही, हेही मुलीच्या-मुलाच्या घरी मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

१ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. पहिली चाचणी थेंबभर रक्ताची असते. ती सकारात्मक आली म्हणजे रुग्णच असे समजून घाबरू नका, वाहक की रुग्ण हे पुढच्या चाचणीत कळते. भरतीचा फॉर्म भरण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या करून घ्या, आणि तो कागद जातीच्या दाखल्यासोबत त्याच फाईलमध्ये ठेवा.