लांबणारे काम आणि त्याची पावती

जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रती जपल्या, तरी त्यांतला मजकूर शोधता येत नाही तोवर अभ्यासकाला त्यांचा उपयोग अर्धाच. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’चा एखादा जाड खंड संगणकाकडून वाचून घ्यायचा तर कसे? गूगलच्या ‘क्लाउड व्हिजन’ सेवेचे उदाहरण घेऊ.

एका पानाच्या चित्राचे उत्तर लगेच मिळते. ४०० पानांच्या पीडीएफचे तसे नाही. ती आधी क्लाउडमधल्या साठवणीत ठेवावी लागते. मग आपला प्रोग्रॅम फाइल कोठे आहे आणि निकाल कोठे ठेवायचा, एवढेच कळवतो. उत्तरादाखल मजकूर येत नाही. येते ते कामाचे नाव, म्हणजे एक प्रकारची पावती. आपला संगणक बंद केला तरी काम तिकडे चालूच राहते. ती पावती दाखवून ‘झाले का?’ असे अधूनमधून विचारायचे. वेगळे न सांगितल्यास दर २० पानांची एक, अशा २० फाइली ठरल्या जागी तयार होतात.

म्हणून कामाचे नाव मिळताच ते खंडाच्या नावासह व तारखेसह नोंदवून ठेवावे. पावती हरवली म्हणून तीच आज्ञा पुन्हा दिली, तर दुसरे काम सुरू होते आणि त्याचे शुल्क वेगळे लागते.

‘काम पूर्ण’ म्हणजे ‘वाचन अचूक’ नव्हे. पुसट छपाईत ‘घ’चा ‘ध’ होऊ शकतो, अनुस्वार गळू शकतो. मूळ पानाशी ताडून पाहणे हे शेवटी मराठी जाणणाऱ्या वाचकाचेच काम.