लोण्यासारखा गिअर

पसरणी घाटात बायकोला गाडीवरून उतरवून वडापच्या जीपमध्ये बसवावं लागलं, त्याला आता वर्ष होईल. राग काही गेलेला नाही. लोक म्हणतात, सोडून द्या सर, दोन हजारांचा तर मामला. दोन हजारांचं मी केव्हाच सोडून दिलं. एक वाक्य आहे, ते सुटत नाही. ते पुढे येईलच.

गाडी पल्सर १५०, अकरा वर्षं माझ्याच हातात. या अकरा वर्षांत क्लचप्लेटा एकदाच बदलल्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्या चालवण्यावर शिंतोडे उडणार आहेत.

गॅरेजवाला आठवीत माझाच विद्यार्थी होता. घाटातल्या प्रकाराआधी त्याच्याकडे सर्व्हिसिंगला गाडी दिली आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, ऑइल आहे तेच टाक. तर म्हणाला, "सर, ते संपलंय. हे टाकतो, फुल्ली सिंथेटिक आहे. इंजिन कसं लोण्यासारखं चालंल बघा." दोनशे रुपये जास्त होते. मी हो म्हटलं. हो म्हणणारा मीच, हे कबूल. महागातलं म्हणजे चांगलंच असणार, हा हिशेब तुम्हीही केला असता.

रिकामा कॅन मागून घरी आणला. ही माझी जुनी सवय. धड कॅन भंगारात गेला की त्यात भलतंच तेल भरून पुन्हा विकायला येतं. आमची आई तो कात्रीने कापून त्यात काहीतरी लावते. या वेळी कोरफड लावली.

पहिले पंधरा दिवस गिअर खरोखर लोण्यासारखा पडत होता. बाजारात गॅरेजवाला भेटला तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली, झकास काम केलंस म्हणून. ती थाप मला आजही झोंबते.

मग पाचगणीला एक साखरपुडा होता. वाई सोडली, घाट लागला, आणि तिसऱ्या गिअरमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. रेस दिली की आवाज वाढतो, आरपीएमचा काटा उसळतो, पण गाडी पुढे जायचं नाव घेत नाही. दुसरा टाकला, तेच. मागून एसटी हॉर्न मारतेय, पुण्या-मुंबईच्या गाड्या खेटून जातायत, आणि नाकात करपल्याचा वास. बायको म्हणाली, "पेट्रोल संपलं का?" मी काही बोललो नाही. साडी सावरत ती वडापात बसली. मी पहिल्या गिअरवर, थांबत थांबत, कसाबसा वर पोचलो. जेवणं उरकत आली होती.

पाचगणीच्या मेकॅनिकने आधी क्लचची केबल बघितली. प्ले बरोबर होता. मग विचारलं, "हल्ली काय काम केलंय का?" ऑइल बदललं, म्हटलं. "कुठलं?" महागातलं, सिंथेटिक. त्याने माझ्याकडे बघितलं. "महागातलं म्हंजी चारचाकीचं तर न्हवं?"

रात्री घरी आल्यावर बॅटरी घेऊन ओट्यावर गेलो. कोरफडीचा कॅन भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. फिरवला. समोर गाडीचं चित्र, म्हणजे कारचं. ५डब्ल्यू-३०. मागे तेलाचा दर्जा सांगणारा एपीआयचा गोल शिक्का, वरच्या अर्ध्यात एसएन, आणि खालच्या अर्ध्यात बारीक अक्षरात ‘रिसोर्स कॉन्झर्व्हिंग’. मोटारसायकलच्या तेलावर असतो तो जासो हा शब्द अख्ख्या कॅनवर कुठेही नाही. मी विज्ञानाचा मास्तर. घर्षणाचा धडा दरवर्षी शिकवतो. आणि गाडीत काय ओतलं गेलंय ते, कॅन पंधरा दिवस घरात असून, वाचलं नव्हतं.

गोम अशी आहे. कारचा क्लच साधारणपणे कोरडा असतो, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध येत नाही. आपल्या गिअरच्या मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच, तिघांना एकच तेल. क्लचप्लेटा त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या पातळ तेलात पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनला ती गोड लागतात. पण क्लच चालतोच मुळी घर्षणावर. प्लेटा एकमेकींना धरायच्या सोडून घसरतात, घसरून तापतात, तापून चकाकतात, आणि मग चांगलं तेल घातलं तरी धरत नाहीत. माझं तेच झालं. आधी नुसतं तेल बदलून बघितलं, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी प्लेटांचा सेट, पॅकिंग, मजुरी आणि दोनदा तेल धरून एक हजार नऊशे चाळीस.

कॅन घेऊन गॅरेजवर गेलो. माफी मागितली असती तर मी चहा पिऊन परत आलो असतो. त्याने कॅन हातातसुद्धा घेतला नाही. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "सर, तेलानं काय होत नसतं. वय झालं की क्लच दाबून चालवायची सवय लागती. त्यात मॅडम मागं बसलेल्या." मी बावन्न वर्षांचा आहे. मॅडमचं वजन हा त्याचा विषय नाही. वर ऐकवलं, पुढच्या वेळी मजुरी घेणार नाही. पुढची वेळ आलेलीच नाही.

आता कामाचं. जपानच्या जासो संस्थेने १९९८ साली मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक तेलासाठी वेगळं मानक काढलं, ते नेमकं या घसरण्यामुळेच. कॅनच्या मागे चौकटीत एमए, एमए१ किंवा एमए२ असेल तर ते ओल्या क्लचचं. एमए२ सगळ्यात जास्त पकड देणारं. एमबी असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं, तिथे क्लच कोरडा असतो. म्हणजे घरातल्या स्कूटरचं उरलेलं अर्धा लिटर बाईकमध्ये ओतायचं नाही. शेजारच्या एकाने हे केलं आणि मलाच विचारायला आला.

५डब्ल्यू-३०सारख्या नंबरचं म्हणाल तर गाडीच्या पुस्तकात असेल तोच. माझ्या पल्सरला २०डब्ल्यू-५०, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बुलेटचं आणखी वेगळं. यात मित्राचा सल्ला घेऊ नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा, नंतरचा तापल्यावरच्या घट्टपणाचा. सिंथेटिक वाईट नाही, हेही सांगतो, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतील. चौकटीत एमए२ असलेलं सिंथेटिक खुशाल घाला.

कुणीतरी म्हणेलच की मी वर्षानुवर्षं कारचं तेल घालतोय, काही झालं नाही. झालं नसेल. २०डब्ल्यू-५०सारख्या घट्ट तेलात ही रसायनं बहुधा नसतात. तुमचं नशीब.

ऑइल बदलताना समोर उभे राहा. सील तुमच्यासमोर फुटू दे. ड्रेन नटाचा वायसर नवा मागा, मेकॅनिक जुनाच ठोकतात. पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर उभी हवी आणि इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली हवीत. बिलावर नुसतं ‘ऑइल १’ लिहून घेऊ नका, नाव आणि ग्रेड लिहायला लावा. माझ्या बिलावर ‘ऑइल १’ एवढंच होतं, म्हणून तर गॅरेजवाला तसं बोलू शकला. बाकी वेळेवर सर्व्हिसिंग वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

काढलेल्या प्लेटा मी टाकलेल्या नाहीत. निळ्या पिशवीत, कपाटावर आहेत. तेलानं काय होत नसतं असं ज्याला वाटतं, त्याने येऊन बघाव्यात.