चांदीच्या जुन्या रुपयाची पारख : झीज, ठसा आणि प्रत

'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आज आपण अब्रूच्या संदर्भात वापरतो. परंतु बट्टा हा सराफाच्या पेढीवरचाही शब्द आहे. झिजलेल्या किंवा परमुलखातील नाण्याचा मोबदला देताना सराफ जी रक्कम कापून घेई, ती बट्टा. सराफापुढे प्रश्न एवढाच असे, की या नाण्यात चांदी किती उरली. नाणकशास्त्राच्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा आहे. टांकसाळीतून बाहेर पडताना हे नाणे जसे होते, त्यातील आज काय शिल्लक आहे? या प्रश्नाच्या उत्तराला नाण्याची प्रत म्हणतात.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत, ते वजनावरून कळते. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रुपयाचे प्रमाण ठरवले : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. हे प्रमाण १९४० पर्यंत टिकले. १९०६ च्या नाणे कायद्याने रुपयाचे वजन प्रमाणापेक्षा दोन टक्क्यांहून अधिक घटलेले चालत नसे. याचा अर्थ ११.४३ ग्रॅमचा रुपयाही कायद्याच्या दृष्टीने धडधाकट होता. पण नक्षीचा उठाव मुळातच अत्यंत अल्प असतो. एवढी चांदी उंच भागांवरून गेली, तर राजाचा चेहरा ओळखीपुरताच उरतो. तराजू नाण्याच्या खरेपणाविषयी बरेच सांगतो, प्रतीविषयी फार थोडे. प्रत डोळ्यांनीच ठरवावी लागते.

पंचम जॉर्जचा रुपया घ्या. दिव्याखाली तो हातात धरून हळूहळू कलता करा. झीज नेहमी सर्वांत उंच भागापासून सुरू होते : भुवई, मिशी, कानावरचे केस, मग मुकुटातील रत्ने आणि झग्यावरील वेलबुट्टी. केवळ या उंच जागी पुसट सपाटी दिसत असेल, तर प्रत 'एक्स्ट्रीमली फाइन'. मुकुट व वेलबुट्टी ओळखता येते पण बारकावे मिसळून गेले आहेत, तर 'व्हेरी फाइन'. आकृतीची बाह्यरेषा व अक्षरे तेवढी उरली असतील, तर त्याहून खाली. या श्रेणीत 'गुड' म्हणजे जवळजवळ गुळगुळीत नाणे! नवशिक्या ग्राहकाची फसगत या एका शब्दाने सहज होते. 'अनसर्क्युलेटेड' म्हणजे चलनात न झिजलेले. मात्र टांकसाळीच्या पोत्यात नाण्यांवर नाणी आदळून पडलेले ओरखडे त्यावरही असू शकतात.

राजाच्या छातीवरील साखळीत एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या नाण्यांवर त्याची सोंड इतकी आखूड होती, की तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि १९१२ पासून आकृती बदलण्यात आली. पुढील वर्षांच्या झिजलेल्या रुपयावरही सोंड पुसट होऊ शकते. अशा वेळी हत्तीकडे पाहण्याआधी मागील बाजूचे वर्ष वाचावे.

झीज आणि कच्चा ठसा यांत गल्लत होणे ही सर्वांत मोठी चूक होय. पेशवाईतील अंकुशी किंवा चांदवडी रुपया हातोड्याने पाडलेला. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने निम्मी अक्षरे नाण्यावर उतरतच नसत. जे मुळात उमटलेच नाही, ते झिजले असे म्हणता येणार नाही. उमटलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतील, तर अर्धवट लेखाचे नाणेही उत्तम प्रतीचे ठरते. सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या बारीक खुणांमुळे बाजारात किंमत उतरते खरी. पण प्रस्तुत लेखकाच्या मते त्या नाण्याच्या प्रवासाचा पुरावा आहेत. त्यांची नोंद दोष म्हणून नव्हे, स्वतंत्रपणे करावी. कडी जोडल्याची खूण मात्र निःसंशय इजा होय.

आता चकाकीविषयी. चांदीवर गंधकाच्या संयोगाने काळसर थर येतो. तो नाण्याला अपायकारक नसतो. न झिजलेल्या नाण्यावर ठशाच्या दाबाने धातू सरकून अतिसूक्ष्म रेषा उमटलेल्या असतात आणि नाणे कलते करताच प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेले नाणे चमकते, पण त्याचा प्रकाश फिरत नाही. आमच्या घरी आजीच्या डब्यातले सात रुपये दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राखेने घासले जात. त्यांपैकी दोन सालांखेरीज आज काही वाचता येत नाही. ते घासण्यात भक्ती होती, आणि त्या भक्तीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण गेलेल्या रेषा कोणत्याही उपायाने परत येत नाहीत, हे विद्यार्थ्याने जाणून असावे. नाणे मळलेले असेल तर तसेच ठेवावे, कडेने धरावे, आणि घरात कोणी लिंबू-मीठ हातात घेतले तर आधी थांबवावे.

स्वाध्याय : घरातील किंवा परिचिताकडील चांदीचा एक जुना रुपया मिळवा. तो न पुसता वजन, वर्ष, झिजलेल्या जागा, कच्च्या ठशाच्या जागा व इजा यांची नोंद करा. आपण ठरवलेली प्रत कोणत्या निरीक्षणावर आधारली आहे, ते दहा ओळींत लिहा. नाणे वर्षभराने पुन्हा पाहा आणि पहिली नोंद न वाचता दुसऱ्यांदा प्रत ठरवा.